फ्रिजखालची फळी

वसंता,

अकरा वर्षं तुला उठता-बसता 'मेल्या' म्हणून हाक मारली. आता ती सोयही तू काढून घेतलीस.

आज शुक्रवार. सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला. दुसरा ओतून द्यायला जीव होईना, म्हणून तोही मीच प्यायलो आणि आता पित्ताने बसलोय. तुझ्या खाटेवरची गादी यार्डाच्या मॅनेजरने, त्या मुदीरने, उचलून नेली. भिंतीवर तुझ्या टोपीचा खिळा तेवढा राहिलाय. काल तिकडे रत्नागिरीला तुझं तेरावं झालं. लोक जेवले असतील, तुझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलले असतील. मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही. तुझी एक वस्तू मी लपवून ठेवली होती. तुला जिचं सगळ्यात अप्रूप वाटलं असतं अशी वस्तू. ती तुझ्या हातात द्यायची राहून गेली, आणि का लपवली हे सांगायचंही राहून गेलं.

का, ते एका शब्दात सांगतो. जळत होतो.

कोणावर, ते ऐकून हसशील. डेन्मार्कमधल्या एका आडगावच्या जहाजाच्या कारखान्यावर. तोही बंद पडलेल्या. आणि त्यातल्या योर्गन नावाच्या एका म्हाताऱ्यावर, ज्याला मी जन्मात पाहिलं नाही.

तू या दम्मामच्या यार्डात पहिल्यांदा आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हाही स्टोअरच्या खिडकीत बसलेला, आजही बसतो. तू आलास आणि मागितलंस काय? खडू, बारीक खिळे आणि जाड पायमोजे. मी म्हटलं, "पायमोजे? हे काय कापडाचं दुकान आहे?" तू शांतपणे म्हणालास, "आखणी बुटांनी तुडवायची नसते." बाहेर उन्हात पत्रा असा तापलेला की त्यावर पोळी भाजावी, आणि तू शेडमध्ये बूट काढून, पायमोजे घालून, गुडघे टेकून प्लायवुडवर रेघा मारत बसलास. बंगाली पोरं हसून लोळली. मीही हसलो. पण चार दिवसांनी तुझ्या रेघेवरून कापलेला पत्रा त्या टगबोटीच्या नाकावर चढवला, आणि तो हातोडा न लावता बसला. मला उगाचच अभिमान वाटला, आपला माणूस म्हणून. संध्याकाळी मी विचारलं, "हे शिकलास कुठे रे?"

तीच माझी चूक. अकरा वर्षं तू उत्तर देत होतास.

दर शुक्रवारी मी मासळीबाजारातून सुरमई आणायची, मी साफ करायची, घरून आणलेली आमसुलं मीच टाकायची, आणि ताटावर बसलं की तू सुरू. "तिकडे ना मधू, हेरिंग नावाचा मासा..." अरे, माझ्या सुरमईचं काय? तिला एकदा बरं म्हणशील? पण नाही. एवढ्या वर्षांत तुझ्या त्या कारखान्याची सगळी कुळकथा मला तोंडपाठ झाली. माझ्या चिपळूणची तेवढी सांगता येणार नाही.

आधी म्हणे तिथे एक सुतार होता. खाडीसारख्या आत शिरलेल्या समुद्राच्या काठी त्याची झोपडीवजा शेड. कोळ्यांच्या लाकडी होड्या बांधायचा. त्याच्या मुलाने शेड वाढवली, नातवाने लोखंड आणलं. मग छोटी मालवाहू जहाजं, मग फेरीबोटी. गावाला दोन पाववाले झाले, फुटबॉलचं मैदान झालं, कामगारांच्या घरांच्या रांगा झाल्या. कारखान्याचा भोंगा झाला की गावातल्या बायका बटाटे उकडायला ठेवायच्या. जहाज पाण्यात सोडायच्या दिवशी शाळेला सुट्टी. पोरं कागदी झेंडे घेऊन काठावर, म्हाताऱ्या घडीच्या खुर्च्या घेऊन त्यांच्या मागे. आणि जहाज घसरत पाण्यात गेलं की कोणी ओरडायचं नाही म्हणे. आधी सगळे गप्प, आणि ते तरंगलं की मग आरोळी. हे सांगताना तूही गप्प व्हायचास. घास हातात, आमटी कोपरापर्यंत ओघळतेय, आणि डोळे त्या काठावर. मी समोर बसलेलो असायचो रे. मी तुला दिसत नसे.

मुंबईच्या एका कंपनीची बोट तिथे बांधत होते, तिच्यावर लक्ष ठेवायला तुला पाठवलं. सहा महिन्यांसाठी गेलास आणि नऊ वर्षं राहिलास. कारण काय, तर तो माळा. शेडच्या वरच्या मजल्यावर मैदानाएवढी लाकडी जमीन, करड्या रंगाने रंगवलेली. तिच्यावर जहाज खऱ्या मापात आखायचं. एकावर एक रेघा, जुन्या जहाजांच्या रेघांवर नव्या जहाजांच्या. चाकूच्या टोकाने कोरलेल्या, म्हणजे पुसल्या जाऊ नयेत. आणि त्या जमिनीचा राजा तुझा योर्गन. त्याने तुला पहिल्या दिवशी बूट काढायला लावले. त्याच्या बायकोने तुला लोकरीचे मोजे विणून दिले. "गाल जमिनीला लाव," तो म्हणायचा, "उभं राहून रेघ चांगलीच दिसते. आडवा हो, मग तिच्यातली खोट दिसेल." मग तू इथेही तेच करायचास. गाल प्लायवुडला टेकवून, एक डोळा मिटून, पाच-पाच मिनिटं तसाच. कुल्हे वर, डोकं खाली. पठाण वेल्डर गुलखान पहिल्यांदा दचकला होता, याची नमाज कुठल्या दिशेला चाललीय म्हणून.

योर्गन असं म्हणायचा, योर्गन तसं म्हणायचा. तुला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस पेज कोणी केली? योर्गनने? तुझा इकामा, राहण्याचा परवानाच, हरवला तेव्हा जवाजातच्या कचेरीत रांगेत तीन दिवस कोण उभं राहिलं? आणि "मधू असं म्हणायचा" हे वाक्य तू जगात कोणाला एकदा तरी ऐकवलंस का, ते मला माहीत नाही. नसशीलच.

तुझा कारखाना बुडाला कसा, यावर आपण जेवढे भांडलो तेवढे नवरा-बायको भांडत नसतील. तुझं म्हणणं, त्याला तेलाने मारलं. तेलाचे भाव चढले, जगभर जहाजं रिकामी पडली, मागण्या रद्द झाल्या. उतारावर एक अर्धवट जहाज तसंच उभं राहिलं, मालकच फिरकला नाही, आणि गावातली पोरं त्याच्या गंजावर खडे मारायला लागली. आधी रंगारी घरी गेले, मग वेल्डर, मग माळ्यावरची माणसं. शेवटी आलेला आधी घरी, असा नियम. त्यात तू. आणि ज्या तेलाने तुझा कारखाना खाल्ला त्याच तेलाच्या दारात पोटासाठी येऊन बसलास, हे तू दर वेळी कपाळाला हात लावून सांगायचास.

मी म्हणायचो, तेलाला कशाला नावं ठेवतोस? तुझ्या लोकांनाच हाव सुटली. फेरीबोटी बांधत होते ते बरं चाललं होतं. कोणी सांगितलं होतं मोठा टँकर बांधायला? त्यासाठी ती भलीमोठी क्रेन कोणी आणायला सांगितली होती? क्रेन आली आणि काम गेलं. तू भडकायचास. ताट सरकवायचास. एकदा तर दोन दिवस बोलला नाहीस, एका खोलीत दोन खाटा आणि मधे तुझं मौन. खरं सांगू? मला त्या क्रेनशी काय देणंघेणं होतं! तुला लागेल असं बोलायचं होतं, बस्स. मग एका शुक्रवारी तू आपण होऊन म्हणालास की त्या टँकरची रेघ माळ्यावर मावेना. लांबी आखडून आखावी लागली. योर्गन तेव्हा उठून बाहेर गेला होता आणि म्हणाला होता, "जे आपल्या जमिनीवर मावत नाही ते आपलं जहाज नाही." म्हणजे मी जिंकलो होतो की नाही? पण जिंकलो तेही योर्गनच्या तोंडून. जळफळाट झाला नुसता.

तू इथे आल्यावरही कारखाना सात-आठ वर्षं धुगधुगत राहिला. दुरुस्त्या करायचा, सरकारी मदतीवर एखादी बोट बांधायचा. नवीन वर्षाच्या सुमाराला योर्गनचं पत्र यायचं. पोस्टाच्या पेटीची किल्ली माझ्याकडे, म्हणून पत्र माझ्याच हातून तुझ्याकडे जायचं. तू डॅनिश वाचायचास आणि मी तुझं तोंड वाचायचो. एका वर्षी उपाहारगृह बंद. एका वर्षी क्रेन विकली. मग एका वर्षी तू पत्र घडी करून उशीखाली ठेवलंस आणि म्हणालास, "भोंगा बंद झाला." आणि नळाखाली जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलास. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा मी एवढा वेळ धुतलं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी ज्याच्यावर जळतोय ते मेलं, तरी माझं जळणं थांबलेलं नाही. माझ्यासाठी असं काय आहे, जे बंद पडलं तर मी नळाखाली उभा राहीन? हे स्टोअर? चार यार्डं बदलली आयुष्यात. एकाचंही नाव काढून डोळ्यांत पाणी येत नाही.

आता ते बार्जचं ऐक. तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने कधी ऐकलं नाहीस.

आपल्या यार्डाने पहिल्यांदा स्वतः काहीतरी बांधलं होतं. साधी सपाट बार्ज, वाळू वाहायची. पण रेघ तुझी होती. मला वाटलं, या माणसाला एकदा त्याचा तो दिवस द्यावा. पंधरा दिवस मुदीरच्या मागे लागलो, म्हटलं एक तास सगळ्यांचं काम थांबवा. आपल्या मालकाला, कफीलला, गाठून बोलावून आणलं. हॉटेलातून समोसे, ताकासारख्या लबनचे डबे. रंगीत कपड्याच्या चिंध्या कापून दोरीला मीच पताका बांधल्या, बोटं सुजली. कामगारांना सांगून ठेवलं, ती तरंगेपर्यंत कोणी ओरडायचं नाही, त्यानंतर ओरडा. केरळी, बंगाली, पठाण, सगळे हसत होते मला, पण गप्प राहिले. कफीलने बिस्मिल्ला म्हटलं, "यल्ला!" झालं, बार्ज घसरली, जरा तिरकी गेली, आणि तरंगली. आणि काय आरोळी उठली रे! मी बार्जकडे पाहिलंच नाही. मी तुझ्याकडे पाहत होतो.

आणि तू काय म्हणालास? "छान झालं. पण उताराला ग्रीस कमी पडलं. तिकडे..."

पुढचं मी ऐकलं नाही. समोसे आणायच्या निमित्ताने आत गेलो आणि स्टोअरचं दार लावून घेतलं. तुला कळलंही नाही. तू बाहेर समोसा खात गुलखानला ग्रीसचं समजावत होतास.

त्यानंतर आठच दिवसांनी पार्सल आलं. तुझ्या नावाचं, डेन्मार्कहून. कस्टमवाल्यांनी फोडून पुन्हा चिकटपट्टीने गुंडाळलेलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं, जुन्या जमिनीचा तुकडा, किंमत काही नाही. मी कागद बाजूला केला. हातभर लांबीची फळी. करडा रंग. वर कोरलेल्या वळणदार रेघा, एकीवर एक, काही आकडे. मागे टेपने चिकटवलेलं चार ओळींचं पत्र. डॅनिशचं मला एक अक्षर येत नाही, पण ती फळी मी एका नजरेत ओळखली. तूच शिकवलं होतंस ना दर शुक्रवारी! माळ्याची जमीन कापून त्यांनी एकेकाला तुकडा पाठवला होता. आणि तू जिथे गुडघे टेकून बसायचास नेमका तिथलाच तुकडा योर्गनने तुझ्यासाठी निवडला असणार. तसलाच माणूस तो.

असं दुखलं पोटात, काय सांगू! माझ्या सगळ्या पताका, समोसे आणि ती आरोळी एका फळीपुढे कचरा. ही तुझ्या हातात पडली की तू काय करशील ते मला दिसत होतं. छातीशी धरशील. उशाशी ठेवशील. आणि मला मरेपर्यंत "तिकडे" ऐकत बसावं लागेल.

संध्याकाळी तू आंघोळीला गेलास. आपला तो फ्रिज आठवतो ना, डाव्या बाजूला झुकलेला? मोटर सुरू झाली की सगळा थडथडायचा, वरचे डबे पुढे सरकत यायचे. तू म्हणायचास, याला ठेपणी हवी रे. मी त्याखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालायचो आणि त्या चेपायच्या. त्या दिवशी मी फ्रिज तिरपा केला आणि त्याच्या डाव्या दोन्ही पायांखाली तुझी जमीन सरकवली. रेघांची बाजू खाली, पत्रासकट. फ्रिज गप्प झाला. तू पंच्याने डोकं पुसत बाहेर आलास, मोटर सुरू झाली, आणि तू म्हणालास, "अरे वा! हलत नाही. काय लावलंस?" मी म्हटलं, "लाकडाचा तुकडा. पडलेला होता."

दोन-चार दिवसांनी देऊ, असं ठरवलं होतं. तुला थोडी अद्दल घडली की देऊ. मग आठवडा झाला. मग उशीर एवढा झाला की द्यायला तोंड राहिलं नाही. रोज तू त्या फ्रिजमधून पाण्याची बाटली काढायचास आणि मी दुसरीकडे बघायचो.

पुढच्या नव्या वर्षाचं योर्गनचं पत्र मी मुकाट्याने तुला दिलं. त्यात विचारलं असणार, तुकडा मिळाला का. तू वाचलंस. माझ्याकडे पाहिलंस, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. आणि म्हणालास, "मधू, चहा टाक." मी टाकला. साखर दोनदा पडली. तू तो तसाच प्यायलास.

गेल्या वर्षी सुट्टीवर जायच्या आधी तू स्टोअरच्या खिडकीशी आलास. "मध्या, सागाचा एखादा तुकडा आहे का रे? हातभर." मी म्हटलं, कशाला? म्हणालास, "एके ठिकाणी पाचर मारायचीय." मी चांगला बघून दिला. तू तो बोटाने चाचपलास, जाडी पाहिलीस आणि खूश झालास. मी विसरूनही गेलो.

आणि मग परवाचा तो दिवस. परवा कसला, महिना उलटून गेला. सकाळी दहाचा सुमार. मला खिडकीतून तू दिसत होतास. शेडमध्ये, पायमोजे घालून, गाल प्लायवुडला टेकवलेला. बाजूने गुलखान गेला, बंगाली पोरं गेली, कोणी थांबलं नाही. तू रेघ बघतोयस हे सगळ्यांना माहीत. मीही पाहिलं आणि मनात म्हटलं, "लागला मेला योर्गनच्या नादी." एका लोखंडी खोक्यातले नट मोजून झाले, पुन्हा मान वर केली, तू तसाच. तेव्हा मी पळालो. तुझा एक डोळा मिटलेला होता, एक उघडा, रेघेवर. डॉक्टर म्हणाला, पंधरा-वीस मिनिटं झाली असावीत. वसंता, दुसरा कोणीही माणूस असा पडला असता तर आम्ही सगळे धावलो असतो. तुझ्याजवळ कोणी आलं नाही, कारण तुझं काम मोडायचं नाही हे आम्ही शिकलो होतो. तुझ्याकडूनच.

नंतर अठरा दिवस मी कचेऱ्या पालथ्या घातल्या. दाखला, वकिलातीचा कागद, कफीलची सही, तुझा इकामा जमा, पासपोर्टवर कायमच्या जाण्याचा शिक्का. जवाजातचा कारकून शिक्का मारून "खलास" म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. तुझ्याबरोबर येण्याची परवानगी मला मिळाली नाही. मग मी ठरवलं, निदान फळी तरी पाठवायची. तुझ्या सामानात ठेवायची, आणि नलू वहिनींना फोनवर सगळं खरं सांगायचं. त्यांनी शिव्या दिल्या तर खायच्या.

तुझं विमान होतं त्या दुपारी मी फ्रिज तिरपा केला, हात घातला, फळी ओढून काढली. ती सागाची निघाली.

एकही रेघ नाही. स्वच्छ रंधा मारलेली, कडा गोल केलेल्या, जाडी केसाचाही फरक नसलेली. मी तिथेच फरशीवर बसलो. म्हणजे तुला कळलं होतं. तू कधीतरी गाल फरशीला लावून फ्रिजखाली पाहिलंस, तुझी जमीन काढून घेतलीस आणि मला कळू नये म्हणून तिच्या जागी माझ्याच हातून नेलेला तुकडा बसवलास. तुझी पेटी उपसली, कपडे झटकले, गादी चाचपली. फळी कुठेच नव्हती. विमान गेलं. तेव्हापासून एकच विचार डोकं खात होता. तू ती रागाने समुद्रात फेकलीस. मी काय लायकीचा माणूस आहे ते ओळखून वर्षभर माझ्या हातची सुरमई खाल्लीस आणि एक शब्द बोलला नाहीस. एकदा गचांडी धरायचीस ना रे! चार लोकांत पाणउतारा करायचास!

काल संध्याकाळी नलू वहिनींचा फोन आला. आवाज बसलेला. तेराव्याचं सगळं नीट झालं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भावोजी, तुमचे उपकार कसे फेडायचे? ते अठरा दिवस तर आहेतच, पण ती फळी..."

मी म्हटलं, "कुठली फळी?"

"ती हो, त्यांच्या तिकडच्या कारखान्याची. गेल्या सुट्टीत घेऊन आले ना. लहान मुलासारखे दाखवत होते घरभर. म्हणाले, मधूने मागवली. त्या लोकांना पत्रं लिहून लिहून माझ्यासाठी मागवली, आणि मला कळू नये म्हणून घरातच लपवून ठेवली होती लबाडाने. त्याचा पाट करून घेतला त्यांनी. काल त्यावरच त्यांचा फोटो ठेवला."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "वहिनी, तसं नाहीये ते. ऐका माझं. मी..."

आणि त्या हसल्या, वसंता. तेराव्याच्या दिवशी. म्हणाल्या, "ते म्हणालेच होते, मधू कबूल करणार नाही. विचारलंस तर म्हणेल, तसं नाहीये. ऐकू नकोस त्याचं. असाच आहे तो, म्हणाले. दिल्याचं कधी सांगत नाही."

मी फोन धरून उभा राहिलो. आता मी खरं सांगितलं तरी ते माझा मोठेपणा ठरणार. माफी मागायची एकच वाट होती, तीही तू जाता जाता बुजवून गेलास. वर घरभर माझं नाव करून. "मधू म्हणेल, तसं नाहीये." बघ, शेवटी माझंही एक वाक्य तू कोणाला तरी ऐकवलंस. आणि मी मूर्ख, तेही योर्गनच्या किती वाक्यांनंतर आलं ते मोजत बसलो.

जळणं थांबलंय म्हणशील, तर नाही. आता तुझ्यावरच जळतो. हे मला का सुचलं नसतं? मी तुझ्या जागी असतो तर फळी तुझ्या डोक्यात घातली असती.

परवा तुझ्या खाटेवर नवा माणूस येतोय. हैदराबादचा आहे म्हणे, पाइप फिटर. सागाची फळी त्या दिवशी मी पुन्हा फ्रिजखाली सरकवली होती, ती आज काढून घेतली आणि माझ्या पेटीत कपड्यांखाली ठेवली. ती तू माझ्यासाठी केली आहेस, मी कोणाला देणार नाही. फ्रिज पुन्हा थडथडायला लागलाय, डबे पुढे सरकतायत. नवा माणूस विचारेल, याला ठेपणी का लावत नाही.

हलू दे त्याला.

— मधू